किल्लेदाराची थोरली बहीण

मिस ऑर यांच्यासमोर बसून कुणी आपल्या घराण्याच्या हक्कांबद्दल बोलायला लागलं, की त्या थोडा वेळ ऐकून घेत आणि मग विचारत, "बरं, आणि तुम्हाला करावं काय लागतं?"

समोरचा माणूस गडबडायचा. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचा मान, दारावर कुलचिन्हाची ढाल लावायचा अधिकार, नावापुढची पदवी, हे सगळं तो पाठ करून आलेला असायचा. करावं काय लागतं याचा विचार त्यानं केलेला नसायचा. मग बाई म्हणायच्या, "मान कुणाचा ते मागाहून बघू. आधी काम सांगा." काम काहीच नाही असं निघालं तर त्या हातातली पेन्सिल खाली ठेवायच्या. केस घ्यायच्या, मनापासून लढायच्याही, पण त्यांची पेन्सिल टेबलावर दिसली की आम्ही काय ते समजायचो.

ग्लासगोच्या मध्यावर, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत आमचं सॉलिसिटरांचं ऑफिस होतं. घरांची खरेदी-विक्री, मृत्युपत्रं, घटस्फोट ही नेहमीची कामं बाकीचे बघायचे. मागच्या खोलीत मिस ऑर बसायच्या आणि त्यांच्याकडे येणारी माणसं निराळीच असायची. कुणी वंशपरंपरेनं एखाद्या पडक्या किल्ल्याचा किल्लेदार, कुणी निशाण धरणारा, कुणी नुसताच बॅरन. स्कॉटलंडमध्ये अशी पदं अजून आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. दुसऱ्याचं कुलचिन्ह आपल्या दारावर लावलं तर इथे तो गुन्हा होतो आणि त्यासाठी वेगळं न्यायालयही आहे. हे मला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. मी साताऱ्याची, पुण्यात एलएलबी केलेली, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी आधी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आणि मग ग्लासगोला आलेली. माझी डिग्री इथे चालत नव्हती. रिसेप्शनिस्ट हवी आहे, अशी जाहिरात बघून मी त्या पायऱ्या चढले होते.

मुलाखत ग्रॅहम नावाचे भागीदार घेत होते. माझं नाव वाचताना ते अडखळले आणि हसून म्हणाले, "आपण शॉर्टमध्ये काय म्हणायचं?"

मी सवयीनं म्हणाले, "देश म्हटलं तरी चालेल."

खोलीच्या कोपऱ्यात कपाटापाशी एक उंच, ताठ पाठीच्या बाई काहीतरी शोधत उभ्या होत्या. अंगात जाड लोकरी कार्डिगन, हातात बोटं उघडी असलेले मोजे. त्यांनी वळून विचारलं, "अर्थ काय त्याचा?"

"कशाचा?"

"आडनावाचा. पूर्ण आडनावाचा."

सरदेशमुख म्हणजे काय, हे सासर-माहेर सोडून मला कुणी विचारलं नव्हतं. मी जमेल तसं सांगितलं. आमच्याकडे वतनं असायची, देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार, त्यांच्यावरचा तो सरदेशमुख. सारा गोळा करायचा, सरकारात भरायचा, त्यातला वाटा आपल्याकडे ठेवायचा. स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, वतनं गेली. आता फक्त आडनाव उरलंय.

बाई येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे तुमच्याकडे पद गेलं आणि नाव राहिलं. आमच्याकडे उलटं. जमिनीवरची सरंजामशाही आम्ही परवा परवा कायदा करून मोडली, पण त्याच कायद्यात लिहून ठेवलं की मानाच्या पदांना धक्का लागणार नाही." मग ग्रॅहमकडे वळून म्हणाल्या, "हे नाव नाही, ग्रॅहम, हे पद आहे. आपल्या अशिलांच्या ओळभर लांब पदव्या आपण पूर्ण लिहितो ना? मग ही सहा अक्षरंही म्हणता येतील."

दोन अक्षरी आडनावाच्या त्या बाईंनी माझं आडनाव त्याच दुपारी घोटून घोटून पाठ केलं. 'ख' काही त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. पण ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारत असताना त्या मला मिसेस सरदेशमुखच म्हणायच्या, आणि मी त्यांना मिस ऑर. घरी मात्र आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. माझी मुलगी सई इथेच जन्मलेली, तिच्या मराठीत सगळ्या जगाला एकच लिंग होतं. दारात बाई दिसल्या की ती ओरडायची, "मम्मी, बाई आला."

बाईंच्या सवयी ऑफिसला पाठ होत्या. खोलीतला हीटर त्या लावू द्यायच्या नाहीत, गरम हवेत माणूस लवकर तडजोड करतो म्हणायच्या. जेवायला ओटकेक, म्हणजे ओटची कोरडी बिस्किटं, आणि चीज, रोज तेच. पेन्सिलला टोक काढायचं ते खिशातल्या चाकूनं. आणि जुना दस्त वाचायचा तो उभं राहून, मोठ्यानं. "डोळे ओळी गाळतात. कान गाळत नाहीत," म्हणायच्या. शुक्रवारी दुपारी फोन कमी असायचे, तेव्हा त्यांनी मला जुनं वळणदार अक्षर वाचायला शिकवायला सुरुवात केली. आमच्या आजोबांना मोडी वाचता यायची आणि मला नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तर मग इथून सुरुवात करा, मग घरची लिपी अवघड वाटणार नाही." हळूहळू मी रिसेप्शनवरून त्यांच्या खोलीत कधी सरकले ते ग्रॅहमनाही कळलं नाही.

एकदा लंडनच्या फायनान्समधला एक तरुण गृहस्थ आला. त्यानं कुठलीशी बॅरनी, म्हणजे बॅरनची पदवी, विकत घेतली होती. त्याचं म्हणणं, गावच्या चर्चमधला पहिला बाक त्या बॅरनीबरोबर येतो आणि त्यावर एक म्हातारं जोडपं बसतं, त्यांना उठवा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पदवी तुमचीच. तिला कुणी हात लावला तर मी आहे. बाक तुमचा नाही. आणि तुम्ही शेवटचे चर्चला कधी गेला होतात?" तो म्हणाला, "ख्रिसमसला." बाई म्हणाल्या, "मग वर्षातून एक दिवस ते सरकून बसतील. मी विचारून बघते." त्यांनी खरोखरच त्या जोडप्याला फोन करून विचारलं. ते हो म्हणाले.

सईच्या शाळेत मुलांना आपल्या घराण्याचं कुलचिन्ह काढून आणायला सांगितलं होतं. सईनं ढालीवर एक हत्ती, एक घाट आणि प्रेशर कुकर काढला. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ बघितला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हे कुणाचंही उचललेलं नाही, हे मी खात्रीनं सांगते. घरात लाव. बाहेरच्या दारावर मात्र लावू नकोस, नाहीतर मलाच तुझ्याविरुद्ध उभं राहावं लागेल." सईनं तो फ्रिजला लावला.

बाईंकडे वर्षातून एक-दोनदा ॲलिस्टर नावाचे एक गृहस्थ यायचे. लंडनला राहणारे, बोलायला गोड, जरा वेंधळे. उत्तरेकडच्या एका पडक्या किल्ल्याचे ते वंशपरंपरागत किल्लेदार होते. ते आत आले की बाई खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या, त्यांना किल्लेदार म्हणूनच हाक मारायच्या, आणि सगळं रीतसर झालं की ड्रॉवरमधून ओटकेकचा डबा काढून पुढे करायच्या, "खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील." ते त्यांचे धाकटे भाऊ होते. वडिलांनंतर किल्लेदारी भावाच्या नावावर व्हावी म्हणून न्यायालयात जे सगळं करावं लागलं, ते बाईंनीच केलं होतं.

मी एकदा विचारलं, "थोरल्या तुम्ही ना? मग पद त्यांच्याकडे कसं?"

"मी दत्तक आहे. चार वर्षांची असताना आणली मला," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलला टोक काढायला लागल्या. 

इथला कायदा असा, की दत्तक मुलाला घर मिळतं, जमीन मिळते, आडनाव मिळतं. पण वंशपरंपरेचं पद मिळत नाही, मूळ दस्तात तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय. तो कायदा मला नीट कळला तो कॅलमच्या केसमध्ये.

कॅलम पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावातला, सत्तरीला आलेला माणूस. शाळेची बस चालवायचा. त्याच्या घराण्याकडे एका जुन्या संताची हातघंटा होती आणि ती सांभाळायचं पद होतं. घंटेबरोबर गवताचं एक लहान शेत होतं. गावाभोवतालची इस्टेट एका हॉटेल कंपनीनं विकत घेतली आणि कंपनीच्या वकिलांनी कळवलं, की सरंजामशाही संपली, तेव्हा हे पदही संपलं. घंटा आता हॉटेलच्या लॉबीत काचेच्या पेटीत ठेवू आणि शेतात पार्किंग करू.

कॅलम आला तो मोरॅगला, आपल्या मुलीला, बरोबर घेऊन. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, त्याआधीच तो म्हणाला, "गावात कुणीही गेलं की घंटा वाजवत शवपेटीच्या पुढे चालायचं. चर्चला जाणारा असो, नसो. पाऊस असो, बर्फ असो. ज्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांच्याही पुढे चाललोय."

बाईंची पेन्सिल हातातच राहिली.

पदाचा मुद्दा त्यांच्या दृष्टीनं सोपा होता. मानाच्या पदांना धक्का नाही, हे कायद्यातच होतं. अडचण कंपनीच्या वकिलांनी पुढे काढली. ठीक आहे, ते म्हणाले, कॅलम असेपर्यंत पद त्याचं. पण त्याला औरस वारस नाही. त्याच्यामागे पद आपोआप संपेल, आणि मग घंटा आमची. मोरॅग दत्तक होती.

हे मोरॅगला सांगायला आम्ही त्या गावी गेलो. गाडी मी चालवत होते. कॅलमच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या कोनाड्यात ती घंटा होती, काळी, ओबडधोबड, गाईच्या गळ्यात शोभेल अशी. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "कायदा तुम्हाला वारस मानत नाही. मी त्यात शब्दांचा खेळ करू शकत नाही."

मोरॅग जवळच्या केअर होममध्ये नर्स होती. ती शांतपणे म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात बाबांचा गुडघा धरला होता. तेव्हा मीच चालले पुढे. तू खरी कुणाची, असं कुणी विचारलं नाही मला."

परतताना मला राग आवरत नव्हता. रस्त्याकडेला गाडी थांबवून आम्ही फ्लास्कमधला चहा घेत होतो, तेव्हा मी बोललेच. म्हटलं, "आमचं साताऱ्याचं राज्य तुमच्या लोकांनी असंच घेतलं. दत्तक नामंजूर. शाळेत आम्हाला पाठ करावं लागायचं ते. आमच्या शास्त्रात दत्तक मुलगा पोटच्यासारखाच, आणि तुम्ही म्हणालात, नाही, आम्हाला मान्य नाही."

बाईंनी फ्लास्कचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्ही घरात आणि बाहेर सारखेच वागलो म्हणायचं."

 मी विचारलं, "असला कायदा तुम्ही जन्मभर राखता कशाला, मिस ऑर?"

"कारण तो नसेल तर घंटा काचेच्या पेटीत जाईल," त्या म्हणाल्या. "अन्याय आहे, हे मला तुमच्यापेक्षा जरा आधी कळलं. पण मोडून टाकायला सगळेच तयार असतात. त्यात दार कुठे आहे, ते शोधायला कुणीतरी लागतं."

दार होतं. जुना रिवाज असा, की पद धारण करणाऱ्यानं हयातीतच ते राजसत्तेकडे परत सोपवायचं आणि नव्यानं मागून घ्यायचं, आणि नव्या दस्तात वारस म्हणून हव्या त्या माणसाचं नाव घालायचं. तसं नाव घातलं की दत्तक असण्याची आडकाठी उरत नाही. पण त्यात धोका होता. परत सोपवल्यापासून नवा दस्त हातात येईपर्यंत पद कुणाचंच नसतं. नवा दस्त द्यायलाच हवा, असं बंधन कुणावर नाही. नाकारला, तर कॅलमच्या घराण्यात होतं तेही जाणार.

मी त्या वेळी विचारलं, "तुमच्या वडिलांना हा मार्ग माहीत नव्हता?"

"मीच सांगितला होता त्यांना. मी नुकतीच वकील झाले होते." त्यांनी कप झटकून पुसला. "ते म्हणाले, विचार करतो. फार विचारी होते ते."

एवढंच. मी गाडी सुरू केली.

कॅलमनं धोका पत्करायचं ठरवलं. बाई त्याला म्हणत होत्या, घाई करू नका, आठवडाभर विचार करा. तो मोरॅगकडे वळून म्हणाला, "हवंय ना तुला?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "झाला विचार." त्यानं पद परत सोपवलं. आणि मग वाट बघणं सुरू झालं.

मधल्या काळात त्या गावात एक म्हातारी बाई वारली. कॅलमचा ऑफिसात फोन आला. तो रडवेला झाला होता. तुझ्या पुढे घंटा वाजवत चालेन, असा त्या म्हातारीला त्यानं शब्द दिला होता. कंपनीचे वकील टपून बसलेले होते. पद सोडूनही हा मान मिरवतो, असं त्यांनी लगेच न्यायालयात म्हटलं असतं. बाईंनी फोन माझ्याकडून घेतला. "पुढे चालायचा मान तुमच्याकडे आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "पण घंटा अजून तुमच्याच घरात आहे, आणि शोक करणाऱ्या माणसानं घंटा वाजवू नये असा कायदा कुठेही नाही. मागून चाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. पाऊस तिरपा लागत होता. शवपेटी पुढे, तिच्यामागे घरची माणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी कॅलम आणि मोरॅग, आळीपाळीनं घंटा वाजवत. त्यांच्याही मागे बाई, छत्री न उघडता. अर्ध्या वाटेवर म्हातारीचा मुलगा थांबला, मागे वळून बघितलं, आणि रस्त्याच्या कडेला सरकला. मग बाकीचेही सरकले. पण कॅलम पुढे गेला नाही. त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि शेवटपर्यंत मागेच राहिला. बाईंच्या चष्म्यावरून पाणी वाहत होतं. त्यांनी तो पुसला नाही.

वसंतात नवा दस्त आला. त्यात मोरॅगचं नाव होतं, पूर्ण, स्पष्ट. बाईंनी तो उभं राहून मोठ्यानं वाचला, आणि तिच्या नावापाशी आल्यावर ती ओळ पुन्हा एकदा वाचली. शेत मात्र वाचलं नाही. ते जमिनीच्या कायद्यात गेलं आणि आता तिथे हॉटेलच्या गाड्या उभ्या असतात. बाईंना त्याचं वाईट वाटायचं. केस जिंकली असं कुणी म्हटलं की त्या दुरुस्त करायच्या, "घंटा जिंकलो. शेत हरलो."

त्याच वर्षी मी इथली वकिलीची परीक्षा द्यायला बसले, तीही त्यांच्याच आग्रहानं. एका विषयात नापास झाले. घरी नवरा, निखिल, म्हणत होता, जाऊ दे, जॉब चांगला चाललाय ना. सकाळी ऑफिसात मी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी आहे?" दुसरं काही नाही. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर ओटकेक ठेवायच्या आणि प्रश्न विचारायच्या, उत्तर चुकलं की नुसत्या चावत थांबायच्या. दुसऱ्या वेळी मी पास झाले. माझ्या नावाची पाटी त्यांनी स्वतः करवून आणली होती. अक्षरं मावत नव्हती म्हणून पाटीच रुंद करवली होती. आज ती ज्या दारावर आहे, ते त्यांच्या मागच्या खोलीचं दार आहे. हीटर मी लावते. तेवढं त्यांचं मी ऐकलेलं नाही.

बाई गेल्या त्या मागच्या हिवाळ्यात, झोपेतच. निवृत्तीनंतर त्या उत्तरेला, किल्ल्याखालच्या गावात राहायला गेल्या होत्या. माझी त्यांची शेवटची भेट त्याआधीच्या ऑगस्टमधली. किल्ला वर्षातून एक दिवस लोकांना बघायला उघडा असतो, तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. किल्लेदार ॲलिस्टर दरवाजात उभे होते, चौकड्यांचा किल्ट, खंजीर, टोपीला पीस. येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होते, लहान मुलांबरोबर फोटो काढून घेत होते. छान दिसत होते ते. आम्हाला बघून म्हणाले, "ती मागे आहे कुठेतरी. सकाळपासून सापडत नाहीये."

बाई उत्तरेच्या भिंतीपाशी सापडल्या. पायात गमबूट, हातात बागेतली खुरपी, आणि त्या वाकून तटाच्या बुडाशी असलेलं गटार मोकळं करत होत्या. पाणी तुंबलं की भिंतीत मुरतं आणि हिवाळ्यात दगड फुटतात, हे त्यांनी सईला समजावून सांगितलं. सई आता मोठी झाली आहे. ती म्हणाली, "बाई, तू दमला नाहीस का?" लिंग अजून चुकतंच. बाईंनी मला अर्थ विचारला आणि म्हणाल्या, नाही, दमले नाही.

आम्ही निघताना मी एकदा मागे वळून बघितलं. एक पर्यटक जोडपं त्यांच्यापाशी थांबलं होतं. त्यातल्या बायकोनं विचारलेलं मला ऐकू आलं, "तुम्ही इथे काम करता का?"

"हो," बाई म्हणाल्या.

"बरीच वर्षं झाली असतील?"

बाईंनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि वर तटाकडे बघितलं.

"चार वर्षांची असल्यापासून," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या जोडप्याला विहिरीकडची वाट दाखवली, तिथली तिसरी पायरी निसरडी आहे म्हणून बजावलं, आणि पुन्हा गटारावर वाकल्या.